‘द थिंग’ (१९८२) घरी पुन्हा बघताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी थंडीत एका शनिवारी मी चार-पाच जणांना घरी बोलावतो, पंखा बंद, दिवे बंद, आणि ‘द थिंग’ हा भयपट लावतो. याबद्दल एकदा लिहिलं आणि प्रश्न सुरू झाले. काही जणांनी तो लहानपणी कॅसेटवर अर्धामुर्धा पाहिलेला, काहींनी नुसतं नाव ऐकलेलं. तेच तेच उत्तर दहादा लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवतो. प्रश्न १ ते ११ सिनेमा न पाहिलेल्यांनी बेलाशक वाचावेत. १२ पासून पुढे गोष्ट फुटते, मग माझ्या नावाने खडे फोडू नका.

१. या नावाचे तीन सिनेमे दिसतात. तुम्ही कुठल्याबद्दल बोलताय?

जॉन कार्पेंटरने दिग्दर्शित केलेला, कर्ट रसेल असलेला, १९८२ चा. मुळात जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची १९३८ मधली एक दीर्घकथा आहे. तिच्यावरून १९५१ मध्ये एक कृष्णधवल सिनेमा निघाला. त्यात परग्रहावरून आलेला प्राणी म्हणजे एक धिप्पाड, वनस्पतीच्या जातीचा राक्षस, आणि जागा उत्तर ध्रुवाकडची. कार्पेंटर आणि पटकथाकार बिल लँकेस्टर यांनी तो राक्षस बाजूला ठेवला आणि मूळ कथेतली खरी भीती परत आणली: हा प्राणी कोणाचंही रूप घेऊ शकतो. तिसरा सिनेमा २०११ चा, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

२. गोष्ट न फोडता सांगता येईल का?

येईल. अंटार्क्टिकावरचं एक अमेरिकी संशोधन केंद्र, बारा पुरुष, हिवाळ्याचा पहिला आठवडा. बर्फातून एक कुत्रा पळत येतो. त्याच्यामागे नॉर्वेच्या तळावरचं हेलिकॉप्टर, त्यातून एक माणूस कुत्र्यावर गोळ्या झाडतोय. कुत्रा वाचतो, माणूस मरतो. इथून पुढे केंद्रात असं काहीतरी शिरलेलं असतं की शेजारी जेवायला बसलेला माणूस तोच आहे की त्याचं हुबेहूब सोंग, हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो तेव्हा दोन मिनिटं आपण खरंच टरकतो, मग हसून पैसे देतो. इथला बहुरूपी हसत नाही, आणि ज्याचं सोंग घेतो तो माणूस शिल्लक राहत नाही.

३. मला रक्तबिक्त बघवत नाही. किती किळसवाणा आहे?

खोटं कशाला बोलू, भरपूर आहे. पण तो सबंध वेळ नाही, आणि हीच त्याची गंमत. १०९ मिनिटांपैकी बराच वेळ माणसं खोल्यांमधून फिरतात, एकमेकांकडे बघतात, दारं उघडतात. किळस मोजक्या जागी येते, पण आली की हात राखून येत नाही.

डोळे मिटायच्या जागा: साधारण अर्ध्या तासाने कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्रसंग, त्यानंतरचं शवविच्छेदन, पुढे डॉक्टर एकाच्या छातीला विजेचा झटका देतो ती जागा, मग रक्ताची चाचणी, आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्यांदा उशीच्या आडून फक्त आवाज ऐकले. तिच्या मते ते बघण्यापेक्षा वाईट होतं. तेव्हा डोळे मिटणार असाल तर रिमोटही हाताशी ठेवा.

४. मुलगा तेरा वर्षांचा आहे. हॉरर आवडतो म्हणतो. दाखवू का?

मी दाखवणार नाही. अमेरिकेत याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा. शिव्या आहेत, कुत्र्यांचे हाल आहेत (खोटे, पण अगदी खरे वाटणारे), आणि शेवट दिलासा देणारा नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी शेजारी बसून दाखवा. मोबाइलवर एकट्याने तर नकोच.

५. हा पिक्चर तेव्हा पडला होता म्हणतात. मग आता एवढं कौतुक का?

पडला होता, आणि चांगलाच. साधारण दीड कोटी डॉलर खर्च, अमेरिकेतला गल्ला दोन कोटींच्याही आत. २५ जून १९८२ ला तो लागला, त्याच दिवशी ‘ब्लेड रनर’ही लागला. त्याआधी दोनच आठवडे ‘ई.टी.’ आला होता आणि सगळी अमेरिका एका गोड परग्रहवासीयासाठी रुमाल ओले करत होती. अशा वेळी छातीतून दात काढणारा परग्रहवासी कोणाला हवा होता! ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने त्याला सरळ कचरा म्हटलं. एन्यो मोरिकोने यांच्या संगीताला वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताच्या ‘रॅझी’चं नामांकन मिळालं. कार्पेंटरच्या हातातला त्याच स्टुडिओचा पुढचा सिनेमाही गेला.

त्याला वाचवलं ते कॅसेटने. थिएटरमध्ये ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्या पोरांनी तो घरी लावला, थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. हा सिनेमा मागे नेऊन बघण्यासारखाच आहे: मघाशी दारात कोण उभं होतं? चाव्या कोणाकडे होत्या? थिएटरमध्ये ही सोय नव्हती.

६. आम्ही नव्वदच्या आसपास कॅसेटवर पाहिलाय. पुन्हा बघण्यात नवीन काय दिसणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मीही तो पहिल्यांदा असाच पाहिला. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणला होता, एका रात्रीत चार कॅसेटी संपवायच्या. ‘द थिंग’चा नंबर पहाटे तीनला लागला. कॅसेट कॉपीची कॉपी, बहुधा तिचीही कॉपी. वरच्या कडेला चित्र वाकडं, मध्येच पडद्यावर मुंग्या. चुलतभाऊ ट्रॅकिंगचं चाक फिरवत बसलेला, आणि दर अर्ध्या तासाने रुमालाला स्पिरिट लावून हेड (व्हीसीआरचा फीत वाचणारा भाग) पुसत होता. रात्रीच्या प्रसंगांत नुसता काळोख, दिवसाच्या प्रसंगांत नुसता पांढरा पडदा. सगळ्या दाढीवाल्यांचे चेहरे एकसारखे. लक्षात राहिलं ते फक्त रक्त, कारण ते तेवढं लाल होतं.

त्यात भर म्हणजे तेव्हाच्या कॅसेटवरचं चित्र चौकोनी टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापलेलं असायचं. मूळ चित्राची रुंदी उंचीच्या जवळपास २.४ पट, जुन्या टीव्हीची १.३३ पट. हिशोब केला तर चित्राचा साधारण ४४ टक्के भाग गेला. छायाचित्रकार डीन कंडी यांनी सहा-सात माणसं एका ओळीत, एका खोलीत उभी केलीत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय. कॅसेटवर त्यातली तीनच उरायची. जो गप्प उभा राहून बघत होता तो कडेला, म्हणजे नेमका कापलेल्या भागात.

चांगल्या डिस्कवर पहिल्यांदा बघताना मला धक्का बसला तो चेहऱ्यांचा. रक्ताची चाचणी चालू असताना सोफ्याला बांधलेल्या माणसांच्या कपाळावरचा घाम दिसतो, तापलेली तार बशीतल्या रक्ताला टेकते तेव्हाचा चर्र आवाज ऐकू येतो, आणि कोण कोणाकडे चोरून बघतंय हेही कळतं. कॅसेटवर हा राक्षसाचा सिनेमा होता. डिस्कवर तो बारा माणसांचा झाला, आणि जास्त भयंकर झाला.

७. कोणती डिस्क घ्यावी? डीव्हीडी, ब्लू-रे की फोर-के?

आधी तुमचा टीव्ही बघा. चाळीस इंचांच्या आतला असेल तर ब्लू-रे पुरे, फोर-केवर पैसे घालू नका.

डीव्हीडी: १९९८ च्या विशेष आवृत्तीत कार्पेंटर आणि रसेल यांचं, सिनेमा चालू असताना ऐकायचं समालोचन आलं. दोन जुने मित्र ओसरीवर गप्पा हाणत बसल्यासारखं आहे, हसणं जास्त आणि व्याख्यान कमी. सिनेमा कसा घडला यावरचा सव्वा तासाहून मोठा माहितीपटही त्यात आहे. चित्र आज मऊ वाटेल, पण जुन्या पुस्तकबाजारात स्वस्तात दिसली तर समालोचनासाठी उचला.

ब्लू-रे: दोन आवृत्त्या नाव घेण्याजोग्या. अमेरिकेत २०१६ मध्ये स्क्रीम फॅक्टरीने काढलेली, कंडी यांच्या देखरेखीखाली. आणि ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये ॲरो व्हिडिओने काढलेली, तिच्यासाठी मूळ फिल्मचा नव्याने फोर-के स्कॅन झाला आणि कार्पेंटर व कंडी दोघांनी लक्ष घातलं. रंगांवरून या दोघींचे भक्त आजही भांडतात. मला ॲरोची आवडते, काळोख जास्त खोल वाटतो.

फोर-के: युनिव्हर्सलची २०२१ ची. बाहेर निळसर बर्फ, माणसांच्या हातात पेटलेले गुलाबी-तांबडे फ्लेअर (इशाऱ्याच्या नळकांड्या), आत पिवळट दिवे. हे तीन रंग एकाच चौकटीत असतात तेव्हा एचडीआरचा (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारी सोय) खरा उपयोग कळतो. मोठा टीव्ही आणि फोर-के प्लेअर दोन्ही असतील तर हीच घ्या.

ओटीटीवर दिसला तर चालेल, पण तिथे काळ्या भागात चौकोनी ठिपके पडतात आणि या सिनेमात काळा भागच जास्त. शिवाय आज आहे, उद्या नाही.

८. परदेशातून आलेली डिस्क माझ्या प्लेअरवर चालेल?

कुठली डिस्क, त्यावर अवलंबून. बऱ्याच डिस्क ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालतील अशा बांधलेल्या असतात. डीव्हीडीचे प्रदेश आकड्यांचे: अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. ब्लू-रेचे अक्षरांचे: अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. म्हणजे अमेरिकेत, बे एरियातल्या मावशीने पाठवलेली ए वाली डिस्क आपल्या सी प्लेअरमध्ये घातली की ‘ही डिस्क चालणार नाही’ एवढाच बोर्ड. मागवण्याआधी डब्याच्या मागचं चिन्ह बघायला सांगा. फोर-केच्या डिस्कला प्रदेशाचं बंधन नाही, ती कुठलीही कुठेही चालते. मात्र त्याच डब्यात जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेला बंधन असू शकतं.

पुष्कळ डीव्हीडी प्लेअर रिमोटवरून सर्व प्रदेशांसाठी मोकळे करता येतात. ब्लू-रे प्लेअरचं तितकं सोपं नाही.

९. माझी डीव्हीडी १०४ मिनिटांतच संपते. कापलीय का?

बहुधा नाही. तुमच्याकडची डिस्क पाल पद्धतीची (भारत-ब्रिटनमधली टीव्हीची जुनी पद्धत) असणार. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल २५ ने. प्रत्येक सेकंदाला एक चौकट जास्त पुढे गेली की १०९ मिनिटांचा सिनेमा १०४-१०५ मध्ये संपतो. आवाजही किंचित चढा लागतो, कान तयार असेल तर कळतं. ब्लू-रेवर आणि फोर-केवर हा घोळ नाही. शंका असेल तर प्रश्न ३ मधल्या जागा तपासा. त्या पाचही असतील तर डिस्क पूर्ण आहे.

१०. नवा टीव्ही, नवी डिस्क, तरी चित्र एकतर मालिकेसारखं गुळगुळीत नाहीतर दाणेदार दिसतं. कुठे चुकतंय?

गुळगुळीतपणा टीव्हीचा. सेटिंगमध्ये हालचाल सफाईदार करणारा एक पर्याय असतो, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. तो आधी बंद करा, आणि ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. दुकानात ठेवलेल्या टीव्हीचा झगझगीत मोड घरी वापरला तर बर्फ नुसता ट्यूबलाइटसारखा दिसतो.

दाणे मात्र दोष नाहीत. ते फिल्मचेच आहेत. ते पुसायला गेलात तर दाढ्या आणि कातडी मेणाची होईल. खोली काळोखी करा. दाण्यांची सवय पाच मिनिटांत होते.

११. घरी पाच स्पीकर नाहीत. साध्या आवाजावर मजा जाईल का?

फारशी नाही. टीव्हीचा आवाज मात्र नको, एखादा साउंडबार किंवा बरे हेडफोन घ्या. मोरिकोने यांनी सुरुवातीच्या संगीतात खाली एक ठोका ठेवलाय, धप्प-धप्प, हृदयासारखा. टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरमधून तो येतच नाही, आणि तो नसेल तर पहिली पाच मिनिटं नुसतं बर्फातलं हेलिकॉप्टर उरतं.

जाता जाता: या सिनेमासाठी केलेल्या पण न वापरलेल्या त्यांच्या काही चाली २०१५ च्या ‘द हेटफुल एट’मध्ये घेतल्या गेल्या. त्या सिनेमाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. मघाच्या रॅझीवर (प्रश्न ५) यापेक्षा चांगला उतारा नाही.

इथून पुढे गोष्ट फुटते.

१२. संगणक नसताना ते सगळं केलं कसं?

हातांनी. रॉब बॉटीन नावाच्या, जेमतेम बावीस वर्षांच्या पोराने. वर्षभर आठवड्याचे सातही दिवस स्टुडिओतच राहून काम केलं आणि शेवटी अतिश्रमाने इस्पितळात गेला. पिंजऱ्यातला कुत्रा-प्राणी त्याच्या हातून होईना म्हणून स्टॅन विन्स्टन मदतीला आले, आणि पोराचं श्रेय झाकलं जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचं नाव पुढे येऊ दिलं नाही.

सामान स्वयंपाकघरातलं म्हणावं असं: रबर आणि फायबरग्लासच्या जोडीला मेयोनेज, मक्याचा लगदा, जेली, वितळवलेलं च्युइंगगम. नॉरिसच्या छातीचा प्रसंग घ्या. डॉक्टर कॉपर झटका देतो, छाती तोंडासारखी उघडते आणि त्याचे हात कोपराखाली तोडते. त्या एका क्षणासाठी दोन्ही हात नसलेला माणूस आणला, त्याला मेणाची हाडं आणि रबरी शिरा भरलेले खोटे हात लावले आणि चेहऱ्यावर कॉपरचा मुखवटा. ब्लू-रेवर चौकट थांबवलीत तर मुखवटा ओळखू येतो. थांबवली नाही तर येत नाही, कारण तेव्हा तुमचे डोळे हातांवर असतात. ही लबाडी मला आजही आवडते.

मग मुंडकं ताणून तुटतं, जिभेने स्वतःला टेबलाखाली ओढून नेतं, त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते चालू लागतं. मान तुटण्याच्या चित्रीकरणात एकदा रसायनांची वाफ खोलीत साठली होती. भिंगाखाली ज्योत पेटवली आणि भडका उडाला, सगळं पुन्हा उभं करावं लागलं. शेवटच्या अवाढव्य ब्लेअर-प्राण्यासाठी (ब्लेअर हा केंद्रातला जीवशास्त्रज्ञ) बाहुलीची चौकट-चौकट हलवून चित्रफीतही केली होती. कार्पेंटरला ती बाकीच्यात मिसळेना, बहुतेक कापली. म्हणूनच शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो, आणि माझ्या मते तेवढी एकच जागा खरोखर जुनी झालीय.

१३. सुरुवातीचा नॉर्वेजियन माणूस ओरडतो ते काय असतं?

तो सगळी गोष्टच सांगून टाकतो. ‘लांब व्हा, हा कुत्रा नाही, कुत्र्याची नक्कल करणारी वस्तू आहे’ या अर्थाचं. नॉर्वेत बघणाऱ्यांसाठी रहस्य पहिल्या काही मिनिटांतच फुटलं. आपल्यासाठी ते नुसतं किंचाळणं राहतं, तसंच केंद्रातल्या अमेरिकनांसाठीही. जिवावर उदार होऊन खरं सांगणाऱ्याला ते गोळी घालतात, आणि कुत्र्याला कुरवाळून आत घेतात.

१४. कोण कधी ‘ते’ झालं याचा क्रम मिळेल का?

ठामपणे मिळणार नाही, मुद्दामच तसं केलंय. कुत्रा रात्री एका खोलीत शिरतो, भिंतीवर माणसाची सावली मान वळवते. ती नॉरिसची की पामरची, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. सावली ओळखता येऊ नये म्हणून तिथे भलताच माणूस, एक स्टंटवाला उभा केला होता.

तरी दुसऱ्यांदा बघताना काही गोष्टींवर नजर ठेवा. गॅरी प्रमुखपद सोडतो तेव्हा नॉरिसला विचारलं जातं, आणि तो नको म्हणतो. त्याचं हृदय दुखतंय: प्राण्याने रूप घेतलं तेव्हा आजारही घेतला असावा. रक्ताच्या साठ्याची नासाडी होते तेव्हा चाव्यांचा माग काढा. रेडिओवाला विंडोज, सहकारी बेनिंग्जला अर्धवट बदलताना बघून, त्या खाली टाकतो. आणि पायांचं मुंडकं पळून जात असतं तेव्हा ते सगळ्यांना दाखवून देतो कोण? पामर, जो बहुधा तेव्हा स्वतःच ‘ते’ होता. स्वतःचा एक तुकडा गमावून उरलेलं वाचवायचं. ज्याच्यावर पहिल्यापासून संशय, तो कुत्र्यांची देखभाल करणारा क्लार्क, तो मात्र चाचणीत माणूस निघतो. तोवर मॅकरेडीने (म्हणजे कर्ट रसेलने) त्याला गोळी घातलेली असते.

१५. शेवटी चाइल्ड्स माणूस असतो की नाही? एकदाचं सांगून टाका.

सगळं जळतंय, शेवटी उरलेले दोघं बर्फात समोरासमोर, मॅकरेडी बाटली पुढे करतो, चाइल्ड्स घोट घेतो. तीन तर्क माझ्याकडे सतत येतात.

पहिला श्वासाचा: मॅकरेडीच्या तोंडून वाफ येते, चाइल्ड्सच्या येत नाही. हा तर्क जुन्या कॅसेटीवर जन्मला. चांगल्या डिस्कवर चाइल्ड्सचीही वाफ दिसते, फक्त उजेडाच्या दिशेमुळे कमी. आणि अर्धवट बदललेला बेनिंग्ज बर्फात गुडघ्यावर बसून ओरडतो, त्याच्याही तोंडून वाफ येते. खटला खारीज.

दुसरा बाटलीचा: तिच्यात दारू नव्हे, पेट्रोल होतं, आणि चाइल्ड्सला चव कळली नाही. पडद्यावर याला कुठलाच आधार नाही. चाहत्यांनी रचलेलं आहे, छान रचलंय, पण रचलेलंच.

तिसरा डोळ्यांतल्या चमकेचा: जो माणूस त्याच्या डोळ्यांत दिव्याचा बारीक ठिपका ठेवला, ही युक्ती कंडी यांनी सांगितलीय. रक्ताच्या चाचणीत पामरचे डोळे निस्तेज आहेत खरे. पण शेवटच्या प्रसंगात जळत्या तळाचाच उजेड आहे, तिथे मला या मोजपट्टीवर विश्वास ठेवावासा वाटत नाही.

माझं मत? चाइल्ड्स माणूसच आहे, आणि तरीही त्या दोघांना ते कधीच कळणार नाही. कार्पेंटरने आजवर उत्तर दिलेलं नाही, देऊही नये.

१६. मी टीव्हीवर पाहिला तेव्हा शेवटी कुत्रा पळताना दाखवला होता. स्वप्न पडलं का मला?

नाही. अमेरिकी टीव्हीसाठी एक वेगळी आवृत्ती केली होती. रक्त कापलेलं, पात्रांची ओळख करून देणारा निवेदकाचा आवाज, आणि शेवटी जळत्या तळापासून दूर जाणारा कुत्रा. कार्पेंटरचा तिच्याशी संबंध नाही. याखेरीज मॅकरेडीची सुटका होते आणि रक्ताच्या चाचणीत तो माणूस ठरतो असा एक तुकडाही चित्रित झाला होता, हाताशी असावा म्हणून. तो कधी वापरला नाही. नशीब.

१७. २०११ चा आधी बघू का? कथेत तो आधी येतो ना?

येतो, नॉर्वेच्या तळावर काय झालं ते त्यात आहे. तरी आधी बघू नका. १९८२ च्या सिनेमात मॅकरेडी आणि कॉपर त्या जळक्या तळावर जातात, खुर्चीत गोठलेलं प्रेत, रुतून बसलेली कुऱ्हाड आणि बर्फाचा पोकळ ठोकळा बघतात. तिथे काय घडलं असेल हे आपण मनात रचतो. २०११ चा सिनेमा त्या प्रत्येक वस्तूचा पावतीसह हिशोब देतो. त्यासाठी मुळात यांत्रिक बाहुल्या बनवल्या होत्या, नंतर बहुतेकांवर संगणकाचं चित्र चढवलं. फरक डोळ्यांना लगेच कळतो.

१८. विज्ञान कितपत खरं?

पेशी दुसऱ्या पेशीला गिळून तिची नक्कल करते, ही कल्पना विषाणूच्या वागण्यापासून फार लांब नाही. पण मिनिटांत अख्खा माणूस बनवायला लागणारी ऊर्जा कुठून येते ते विचारायचं नाही. रक्ताची चाचणी तर्काला धरून आहे: प्रत्येक तुकडा स्वतंत्र जीव असेल तर रक्ताचा थेंबसुद्धा चटका बसला की पळणार. ब्लेअरचा संगणक सांगतो की बाहेरच्या जगाशी संपर्क आल्यापासून २७,००० तासांत सगळी माणसं संपतील. भागाकार करा: ११२५ दिवस, तीन वर्षांहून थोडं जास्त. हा आकडा बघून ब्लेअर कुऱ्हाड घेऊन रेडिओ फोडतो. सगळे त्याला वेडा ठरवतात, पण त्या क्षणी तिथे शहाणा तोच असतो.

१९. अंटार्क्टिकावरचे लोक खरंच हा सिनेमा बघतात? आपल्या लोकांचं काय?

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी केंद्रात हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान गेलं की तो लावायची प्रथा आहे. पुढचे कित्येक महिने कोणी येणार नाही, जाणार नाही, अशा वेळी!

आपला संबंध तारखेचा आहे. सिनेमातली पाटी म्हणते अंटार्क्टिका, हिवाळा १९८२. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये त्या बर्फावर उतरली. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे प्रमुख होते. आज मैत्री आणि भारती या केंद्रांचा कारभार वास्को-द-गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो, आणि आपलीही मंडळी तिथे हिवाळाभर राहतात. तिथून परतलेल्या कोणी हे वाचत असेल तर तिथे काय लावता, कळवा.

२०. माळ्यावर जुनी कॅसेट सापडलीय. चालवून बघू का?

लगेच नको. आधी झाकण उचलून उजेडात फितीच्या गुंडाळीकडे तिरकं बघा. कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळे नीट न ठेवलेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी धरते, कडेला धुरळ्यासारखी दिसते. ती असेल तर कॅसेट पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून लांब ठेवा. बुरशी हेडला चिकटते, तिथून पुढच्या कॅसेटवर, आणि दोन्ही बाहेरून अगदी चांगल्या दिसतात. शेजाऱ्याचा व्हीसीआर तर मागूच नका.

बुरशी नसेल तर फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग लावा. मुंग्या येतील. रुमाल आणि स्पिरिट जवळ असू द्या.